हरलेल्या शर्यतींचे सोळा सेकंद



आपल्या मॅगझीनच्या मराठी विभागात दरवर्षी कविता भरपूर येतात, पण अभ्यासलेख मात्र हाताच्या बोटांवर मोजण्याइतके! म्हणून यंदा मी एक अभ्यासलेख लिहायचं ठरवलं, आणि विषय निवडला तोही सिलॅबसच्या बाहेरचा. माझं शिक्षण पहिलीपासून कॉन्व्हेंटमध्ये झालं. त्यामुळे 'सेकंदाचा शतांश भाग' असं काही लिहायची वेळ आली की पेन थोडं अडखळतं. पण आकडे सगळ्या माध्यमांत सारखेच असतात, आणि हा लेख मुख्यतः आकड्यांचाच आहे.

लेखाचा विषय आहे अविनाश साबळे. बीड जिल्हा, आष्टी तालुका, गाव मांडवा. खेळ ३००० मीटर स्टीपलचेस. नाव वाचताच काही जण म्हणतील, "माहीत आहे गं! गरिबीतून वर आलेला मुलगा, जिद्द, चिकाटी वगैरे." ती गोष्ट खरी आहे आणि ती मी थोडक्यात सांगणारही आहे. पण ती गोष्ट सगळ्यांनी इतक्या वेळा सांगितली आहे की तिच्यामागे एक दुसरीच गोष्ट झाकली गेली आहे. २०१८ ते २०२४ या काळात अविनाशने स्टीपलचेसचा राष्ट्रीय विक्रम एकूण दहा वेळा बदलला. ते दहा आकडे मी वहीत एकाखाली एक लिहिले, प्रॅक्टिकलच्या रीडिंगसारखी वजाबाकी केली, आणि जे उत्तर आलं ते आपल्या हॉस्टेलमधल्या प्रत्येकाने वाचावं असं मला वाटलं.

आधी खेळ समजून घेऊ

स्टीपलचेस म्हणजे अडथळ्यांची लांब शर्यत. अंतर ३००० मीटर, म्हणजे ४०० मीटरच्या ट्रॅकवर साधारण साडेसात फेऱ्या. सुरुवातीच्या टप्प्यात अडथळे नसतात. त्यानंतरच्या सात पूर्ण फेऱ्यांत प्रत्येक फेरीला चार साधे अडथळे आणि एक पाण्याचा अडथळा. एकूण २८ साधे आणि ७ पाण्याचे, म्हणजे ३५ उड्या!

पुरुषांसाठी अडथळ्याची उंची ९१.४ सेंटिमीटर आणि स्त्रियांसाठी ७६.२ सेंटिमीटर असते. ११० मीटर हर्डल्समधली हलकी चौकट पाय लागला की पडते. स्टीपलचेसचा अडथळा पडत नाही. तो जाड लाकडी तुळईचा, ८० ते १०० किलो वजनाचा असतो. पाय अडकला तर पडायचं आपणच! पाण्याच्या अडथळ्यापुढे ३.६६ मीटर लांबीचा उतरता खड्डा असतो, अडथळ्याजवळ सगळ्यात खोल आणि पुढे उथळ होत जाणारा. बहुतेक धावपटू तुळईवर एक पाय ठेवून पुढे झेप घेतात. जितकी लांब झेप, तितकं कमी पाणी.

आता मेकॅनिकलवाल्यांच्या भाषेत सांगते. सपाट शर्यतीत धावपटू आपला वेग सांभाळत राहतो. इथे त्याला ३५ वेळा आपलं वजन वर उचलायचं, खाली यायचं आणि पुन्हा तोच वेग पकडायचा असतो. प्रत्येक उडीमागे फक्त दशांश सेकंद वाचवला तरी शेवटी साडेतीन सेकंद वाचतात. आणि प्रत्येक उडीमागे दशांश सेकंद गमावला तर तितकेच जातात. म्हणून या खेळात नुसता दम असून भागत नाही, पायाचा हिशोबही पक्का लागतो.

हा खेळ केनियाचा मानला जातो, आणि ते उगाच नाही. १९६८ पासून २०१६ पर्यंत केनियाने ज्या ज्या ऑलिंपिकमध्ये भाग घेतला, त्या प्रत्येकात पुरुषांचं स्टीपलचेस सुवर्ण केनियालाच गेलं. (१९७६ आणि १९८० ला त्यांचा बहिष्कार होता.) अशा खेळात बीडचं नाव येणं म्हणजे काय, ते यावरून लक्षात यावं.

मांडवा ते सियाचीन

अविनाशचा जन्म १३ सप्टेंबर १९९४ चा. आईवडील वीटभट्टीवर राबायचे. शाळा सहा किलोमीटर लांब आणि गाडीची सोय नाही, त्यामुळे कधी चालत तर कधी पळत शाळा गाठायची. बारावी झाल्यावर तो सैन्यात भरती झाला, पाचव्या महार बटालियनमध्ये. धावपटू व्हायचं म्हणून तो गेला नव्हता. घरात पगार यावा म्हणून गेला होता. २०१३-१४ मध्ये सियाचीनची हिमनदी, मग राजस्थानचं वाळवंट, मग सिक्कीम अशा त्याच्या पोस्टिंग झाल्या.

२०१५ मध्ये, म्हणजे वयाच्या विशीत, सैन्यातल्या क्रॉस कंट्री स्पर्धेपासून त्याचं खरं धावणं सुरू झालं. मध्ये वजन वाढलं होतं, ते त्याने तीन महिन्यांत सुमारे २० किलोने उतरवलं. २०१७ मध्ये सैन्यातले प्रशिक्षक अमरीश कुमार यांनी त्याला स्टीपलचेसकडे वळवलं. मी आत्ता वीस वर्षांची आहे. या वयापर्यंत ज्या मुलाने एकही गंभीर शर्यत धावली नव्हती, तो पुढे दोन ऑलिंपिक धावला!

आमचं उमापूर गेवराई तालुक्यात, म्हणजे जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, आणि आष्टी दक्षिण-पश्चिम टोकाला. पण दोन्हीकडचं चित्र सारखंच आहे. पाऊस बेभरवशाचा. दिवाळीनंतर अर्धं गाव ऊसतोडीला निघतं. आणि पहाटे साडेचार-पाचला रस्त्यावर पोलीस भरती, सैन्यभरतीची पोरं पळताना दिसतात. सैन्यभरतीत १६०० मीटर साडेपाच मिनिटांच्या आत धावलं की पहिल्या गटात नंबर लागतो, हे आमच्याकडे दहावीच्या पोरालाही पाठ असतं. आता गंमत बघा. अविनाशचा २०२४ चा सरासरी वेग धरला, तर १६०० मीटरला ४ मिनिटे २१ सेकंद होतात. तेही मध्ये अडथळे आणि पाणी ओलांडत, आणि त्यानंतर अजून १४०० मीटर शिल्लक असताना!

दहा ओळींचं कोष्टक

अविनाशच्या आधी भारताचा स्टीपलचेस विक्रम गोपाल सैनी यांच्या नावावर होता: ८ मिनिटे ३०.८८ सेकंद, टोकियो, १९८१. तो ३७ वर्षं कुणाला हलवता आला नाही. त्यानंतरच्या दहा ओळी अशा. (शेवटचा आकडा म्हणजे आधीच्या विक्रमापेक्षा किती सेकंद कमी झाले.)

१) भुवनेश्वर, २०१८: ८:२९.८०, पहिला (१.०८)
२) पतियाळा, २०१९: ८:२८.९४, पहिला (०.८६)
३) दोहा, जागतिक स्पर्धेची प्राथमिक फेरी, २०१९: ८:२५.२३, सातवा (३.७१)
४) दोहा, जागतिक स्पर्धेची अंतिम फेरी, २०१९: ८:२१.३७, तेरावा (३.८६)
५) पतियाळा, २०२१: ८:२०.२०, पहिला (१.१७)
६) टोकियो ऑलिंपिक, २०२१: ८:१८.१२, प्राथमिक फेरीत सातवा (२.०८)
७) तिरुवनंतपुरम, २०२२: ८:१६.२१, पहिला (१.९१)
८) रबात, डायमंड लीग, २०२२: ८:१२.४८, पाचवा (३.७३)
९) बर्मिंगहॅम, राष्ट्रकुल स्पर्धा, २०२२: ८:११.२०, दुसरा (१.२८)
१०) पॅरिस, डायमंड लीग, २०२४: ८:०९.९१, सहावा (१.२९)

एकूण घट २०.९७ सेकंद. हे किती होतं? सैनी यांची १९८१ ची धाव आणि अविनाशची २०२४ ची धाव एकाच ट्रॅकवर एकत्र लावली अशी कल्पना करा. अविनाश शेवटची रेषा ओलांडेल तेव्हा सैनी, सरासरी वेगाने, साधारण १२३ मीटर मागे असतील. यात सैनी यांचा मुळीच कमीपणा नाही. ज्या माणसाचा विक्रम ३७ वर्षं टिकला, त्याने काय केलं असेल याचा विचार करा!

आता या दहा ओळींचे दोन गट पाडू. भारतात धावलेल्या चार शर्यती: पहिली, दुसरी, पाचवी आणि सातवी. या चारही त्याने जिंकल्या. चौघींची मिळून घट किती? ५.०२ सेकंद.

परदेशात धावलेल्या सहा शर्यती: तिसरी, चौथी, सहावी, आठवी, नववी आणि दहावी. यातली एकही तो जिंकला नाही. सातवा, तेरावा, सातवा, पाचवा, दुसरा, सहावा. या सहांची मिळून घट किती? १५.९५ सेकंद!

म्हणजे जिंकलेल्या चार शर्यतींनी पाच सेकंद दिले आणि हरलेल्या सहा शर्यतींनी जवळजवळ सोळा. वजाबाकी मी तीनदा तपासली. पहिल्यांदा मलाही खरं वाटलं नव्हतं.

असं का होत असावं?

याचं एक कारण अगदी साधं आहे. भारतातल्या शर्यतीत अविनाश पहिल्या-दुसऱ्या फेरीतच पुढे निघतो आणि उरलेली शर्यत एकटाच धावतो. पुढे कुणी नाही, मागे कुणाच्या पावलांचा आवाज नाही. वेग आपणच लावायचा, आपणच टिकवायचा आणि आपणच हवा कापायची. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, हे आपण फ्लुइड मेकॅनिक्समध्ये शिकतो. पुढच्याच्या पाठीमागे धावणाऱ्याला तो विरोध कमी लागतो. डायमंड लीगमध्ये तर सुरुवातीला वेग लावून देणारे पेसमेकरही असतात. एकट्या धावणाऱ्याचा वेग नकळत खाली-वर होतो, आणि तो पुन्हा पकडायला जास्तीचा दम खर्च होतो.

दुसरं कारण डोक्यातलं आहे. रबातमध्ये पहिला आलेला मोरोक्कोचा सुफियान एल बक्काली याची वेळ ७:५८.२८ होती. तो रेषेवर पोहोचला तेव्हा अविनाश अंदाजे ८६ मीटर मागे होता. स्टेडियममधल्या कुणीही म्हटलं असतं, हा मुलगा हरला. पण त्याच शर्यतीत त्याने स्वतःच्या वेळेतून ३.७३ सेकंद कमी केले होते. पतियाळा आणि तिरुवनंतपुरम या दोन सोन्यांनी मिळून ३.०८ सेकंद दिले होते. रबातच्या एका पाचव्या नंबराने त्याहून जास्त दिले!

स्टीपलचेसच्या बाहेरही हेच दिसतं. मे २०२२ मध्ये अमेरिकेत ५००० मीटरमध्ये अविनाश बारावा आला. वेळ १३:२५.६५. बहादूर प्रसाद यांचा १९९२ चा, म्हणजे ३० वर्षं जुना विक्रम त्या बाराव्या नंबराने मोडला. २०२० च्या दिल्ली हाफ मॅरेथॉनमध्ये तो दहावा आला, वेळ १ तास ३० सेकंद. ६१ मिनिटांच्या आत हाफ मॅरेथॉन धावणारा तो पहिला भारतीय ठरला.

आणि उलट बाजूही बघा. १ ऑक्टोबर २०२३ ला हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत त्याने सोनं जिंकलं. पुरुषांच्या स्टीपलचेसमधलं भारताचं ते पहिलं आशियाई क्रीडा सुवर्ण. वेळ ८:१९.५०, म्हणजे स्वतःच्या तेव्हाच्या विक्रमापेक्षा आठ सेकंद जास्त. मे २०२५ मध्ये गुमी इथल्या आशियाई अजिंक्यपद स्पर्धेतही सोनं, १९८९ च्या दीना राम यांच्यानंतर ३६ वर्षांनी. वेळ ८:२०.९२. या दोन सोन्यांनी देशाला किती आनंद दिला ते आपण सगळ्यांनी पाहिलं. पण कोष्टकात त्यांनी एकही ओळ वाढवली नाही.

आता थोडी सावधगिरी

स्टॅटिस्टिक्सच्या तासाला शिकवतात की दोन गोष्टी सोबत घडल्या म्हणून एक दुसरीचं कारण ठरत नाही. ते इथेही लागू आहे. धावपटू मोठ्या स्पर्धेसाठीच तयारी शिगेला नेतो, त्यामुळे चांगली वेळ तिथेच येणं स्वाभाविक आहे. शिवाय त्याची तयारीही वर्षानुवर्षं वाढत होतीच. पुढे त्याने अमेरिकेत कोलोरॅडो स्प्रिंग्जच्या उंचीवर प्रशिक्षक स्कॉट सिमन्स यांच्याकडे सराव केला, त्याचाही वाटा आहेच.

आणि तगड्या लोकांत धावलं की प्रत्येक वेळी फळ मिळतंच असंही नाही. २०२२ च्या जागतिक स्पर्धेत ओरेगॉनला तो अंतिम फेरीत अकरावा आला, वेळ ८:३१.७५. शर्यत हळू गेली, आणि हळू शर्यतीत शेवटच्या फेरीचा झटका ज्याच्याकडे असतो तोच पुढे जातो. २०२३ ला बुडापेस्टमध्ये तो प्राथमिक फेरीतच बाहेर पडला. जुलै २०२५ मध्ये मोनॅकोच्या डायमंड लीगमध्ये पाण्याच्या अडथळ्यापाशी पडून गुडघ्याला गंभीर दुखापत झाली, शस्त्रक्रिया करावी लागली आणि त्या वर्षीची टोकियोची जागतिक स्पर्धा हुकली. म्हणजे आपल्याहून वेगवान माणसांत उतरण्याची किंमतही असते. हे लपवून लेख लिहिला तर तो प्रामाणिक होणार नाही.

तरीही दोहाची गोष्ट मला सगळ्यात बोलकी वाटते. २०१९ च्या प्राथमिक फेरीत त्याच्या पुढे एक धावपटू पडला आणि अविनाशची वाट अडली. तो सातवा आला. भारताने अपील केलं, ते मान्य झालं आणि त्याला अंतिम फेरीत जागा मिळाली. त्या अंतिम फेरीत तो तेरावा आला. एवढंच वाचलं तर म्हणाल, अपील करून गेला आणि तेरावा आला, मग मिळवलं काय? मिळवलं हे की तीन दिवसांत दोन राष्ट्रीय विक्रम झाले, आणि ८:२१.३७ ही वेळ टोकियो ऑलिंपिकच्या ८:२२.०० या पात्रतेच्या आत बसली. १९५२ च्या गुलझारा सिंग मान यांच्यानंतर ऑलिंपिक स्टीपलचेसमध्ये उतरलेला तो पहिला भारतीय पुरुष. ते तिकीट तेराव्या नंबराने काढून दिलं होतं.

एक फूटपट्टी

६ ऑगस्ट २०२२, बर्मिंगहॅम. राष्ट्रकुल स्पर्धेत १९९८ पासून २०१८ पर्यंतच्या सहाही वेळा स्टीपलचेसची तिन्ही पदकं केनियाने नेली होती. त्या दिवशी केनियाच्या अब्राहम किबिवोटची वेळ ८:११.१५ आणि अविनाशची ८:११.२०. फरक फक्त ०.०५ सेकंद!

हा फरक किती लांबीचा? सरासरी वेग सेकंदाला ६.१ मीटर धरला तर ३० सेंटिमीटर. शेवटच्या सरळ पट्टीत वेग वाढलेला असतो, म्हणून थोडा जास्त धरा. म्हणजे आपल्या ड्रॉइंग हॉलमध्ये प्रत्येकाच्या शीटवर पडलेली असते ना, ती एक फुटाची पट्टी. तीन हजार मीटर आणि ३५ उड्यांनंतर, सोनं आणि चांदी यांच्यात तेवढंच अंतर उरलं होतं. चार वर्षांपूर्वी भुवनेश्वरला तो पहिला आला होता. त्या वेळेने बर्मिंगहॅममध्ये उतरला असता तर किबिवोटच्या १०० मीटरहून जास्त मागे राहिला असता. ते अंतर एका पट्टीवर आलं, ते दोहा, टोकियो आणि रबातमधल्या हारींमुळेच.

हे फक्त अविनाशचं नाही

सातारा जिल्ह्याच्या माण तालुक्यातल्या मोही गावची ललिता बाबर आठवते? तोही आमच्यासारखाच दुष्काळी पट्टा. २०१५ ला ती स्टीपलचेसची आशियाई विजेती झाली. पण तिची सर्वोत्तम वेळ, ९:१९.७६, आली २०१६ च्या रिओ ऑलिंपिकच्या प्राथमिक फेरीत, आणि त्या फेरीत ती चौथी होती. १९८४ च्या पी. टी. उषा यांच्यानंतर ऑलिंपिकमध्ये ट्रॅकवरच्या अंतिम फेरीत गेलेली ती पहिली भारतीय स्त्री. अंतिम फेरीत ती दहावी आली. तिचा विक्रम पुढे २०२३ मध्ये बुडापेस्टला पारुल चौधरीने मोडला, ९:१५.३१. पारुल त्या शर्यतीत कितवी होती माहीत आहे? अकरावी!

आता धावण्याच्या ट्रॅकवरून जरा बर्फावर जाऊ, कारण तिथे हेच पन्नासच्या दशकात घडून गेलं आहे. अल्पाइन स्कीइंग, म्हणजे बर्फाच्या उतारावरून झेंड्यांमधून वळत खाली येण्याची शर्यत, हा आल्प्स पर्वताजवळच्या देशांचा खेळ. जसं स्टीपलचेस केनियाचं, तसं ते ऑस्ट्रियाचं. जपानचे चिहारू इगाया १९५२ च्या ओस्लो हिवाळी ऑलिंपिकमध्ये उतरले आणि पदकाविना परतले. त्यानंतर ते अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजात शिकायला गेले आणि तिथल्या स्पर्धांत धावत राहिले. १९५६ ला इटलीतल्या कोर्तिना इथे त्यांनी स्लॅलममध्ये रौप्यपदक जिंकलं. पहिला आला तो ऑस्ट्रियाचा टोनी सायलर, ज्याने त्या वर्षी अल्पाइनची तिन्ही सुवर्णपदकं नेली. इगायांचं ते रौप्य म्हणजे हिवाळी ऑलिंपिकमधलं आशियाचं पहिलं पदक. तिथेही पुढच्याच्या पाठीवर नजर ठेवून धावलेला माणूस दुसरा आला, आणि एका खंडासाठी पहिला ठरला.

आता आपल्या हॉस्टेलकडे

इतकं सगळं मी का लिहिलं, ते सांगते. आपल्या कॉलेजात येणारी निम्मी मुलं-मुली आपापल्या तालुक्यातून पहिली-दुसरी आलेली असतात. गावात बॅनर लागलेला असतो, शाळेत सत्कार झालेला असतो. इथे पहिल्या सेमिस्टरचा रिझल्ट लागतो आणि कळतं, वर्गात आपला नंबर बावन्नावा. घरी फोन येतो, "कितवा नंबर आला?" त्याला उत्तर काय द्यायचं?

दोन वर्षांपूर्वी आमच्या विंगमधल्या एका मुलीने त्या फोननंतर बॅग भरली. बारावीला ती तालुक्यात पहिली होती. आईवडील ऊसतोडीला जाणारे. मॅथ्समध्ये मिड-टर्मला तिला १०० पैकी ३१ होते आणि सेमिस्टरला ४४ झाले. नंबर मात्र मागेच होता. "मी इथली नाहीच," एवढं म्हणाली आणि गेली. आता ती गावाजवळच्या कॉलेजात बीएस्सी करते, आणि छान करते. तिचा निर्णय चूक होता असं म्हणण्याचा मला काही अधिकार नाही. पण त्या दिवशी आम्हा सगळ्यांना तिचा बावन्नावा नंबरच दिसत होता. ३१ चे ४४ झालेले कुणाच्याही लक्षात आले नाहीत. तिच्या स्वतःच्याही नाही. चार महिन्यांत तेरा मार्क! अविनाशच्या कोष्टकातल्या एकाही ओळीत एवढी मोठी उडी नाही.

नंबर ही दुसऱ्यांच्या मानाने आपली जागा असते. वेळ ही कालच्या आपल्या मानाने. तालुक्यात पहिला असताना दोन्ही एकच वाटतात, कारण पुढे कुणी नसतंच. त्यांचा फरक इथे येऊन कळतो. नंबर महत्त्वाचा नाही असं मी म्हणत नाही. कॅम्पसला कंपन्या येतात तेव्हा नंबर बघतातच, आणि अविनाशचं नाव घराघरात गेलं तेही पदकांमुळेच. पण बावन्नाव्या नंबरावर असताना नंबर एकच सांगतो, की पुढे एक्कावन्न जण आहेत. आपण पुढे सरकतोय की मागे, हे सांगायला वेळच लागते.

म्हणून विद्यार्थ्यांना एक साधी गोष्ट सुचवते. वहीच्या शेवटच्या पानावर दोन रकाने करा. एकात नंबर लिहा, दुसऱ्यात स्वतःचे मागच्या वेळेपेक्षा वाढलेले किंवा घटलेले मार्क. चार सेमिस्टरनंतर दुसरा रकाना नीट वाचा. आणि ग्रुप निवडताना, प्रोजेक्ट पार्टनर निवडताना, आपण ज्यात पहिले असू असा ग्रुप शोधू नका. आपल्यापेक्षा दोन पावलं पुढे असलेल्यांत बसा. सुरुवातीला मागे पडल्यासारखं वाटेल, ते वाटू द्या. मात्र तयारी करून बसा. रबातला जाण्याआधी अविनाशने हजारो किलोमीटर धावून घेतलं होतं, हे विसरून चालणार नाही.

आणि आपल्या सरांना, मॅडमना एक नम्र विनंती. बोर्डावर निकाल लावताना पहिल्या दहांची नावं लागतात. ती जरूर लावा. पण त्याशेजारी, मागच्या परीक्षेपेक्षा ज्यांची सगळ्यात जास्त प्रगती झाली अशा दहा जणांचीही यादी लावा. एक कागद आणि चार टाचण्या, एवढाच खर्च आहे. कुणी सांगावं, पुढच्या वर्षी एखादी बॅग भरायची थांबेल.

७ ऑगस्ट २०२४ ला पॅरिस ऑलिंपिकच्या स्टीपलचेसची अंतिम फेरी झाली. त्या फेरीत पोहोचलेला अविनाश हा पहिला भारतीय पुरुष. एल बक्काली ८:०६.०५ वेळेत पहिला आला. अविनाश ८:१४.१८ वेळेत अकरावा. दुसऱ्या दिवशी मेसमध्ये पेपर उघडून कुणीतरी म्हणालं, "अकरावाच आला राव!" त्या दिवशी मी गप्प बसले, कारण हे कोष्टक मी अजून मांडलं नव्हतं. आता ते तुमच्यासमोर आहे. पुढच्या वेळी कुणी असं म्हणालं तर त्याला एकच प्रश्न विचारा: "नंबर कळला, पण वेळ किती?"

— तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी (मुलींचे वसतिगृह)